बारा मायक्रॉन

एका व्हिकुनाच्या अंगावरून उतरते
दोनशे ग्रॅम लोकर, तीही दोन वर्षांतून एकदा.
तिच्यातले राठ केस एकेक वेचून काढायचे.
चिमट्याने नाही, बोटांनी.
चिमट्याला कळत नाही काय सोडायचं ते.
एवढ्याला मला आठ दिवस लागतात,
आभाळ भरलेलं असलं तर दहा.

हे मी त्या पोराला सांगितलं.
टिल्मान त्याचं नाव, झुरिकहून आलेला,
चार हजार तीनशे मीटरवर
काठावर काढलेल्या माशासारखा तोंड उघडत-मिटत.
कोकाच्या पानांचा काढा पाजला
तेव्हा कुठे त्याला त्याचे प्रश्न सापडले.
कंपनीने जोखीम मोजायला पाठवलेलं.
हातात काचेची पाटी, पाटीवर तीन रंग:
हिरवा, पिवळा, लाल.

पाणी?
मी त्याला दलदलीवर नेलं.
माझ्या लग्नाच्या वर्षी इथे एक अल्पाका
पोटापर्यंत रुतला होता,
नऊ जणांनी दोर लावून ओढला.
टिल्मान नेमका तिथेच उभा राहिला, बुटांनी,
आणि भेगांचा फोटो काढला.

कुंपण? – अकरा किलोमीटर.
जाळी वरून आली, खांब आम्ही रोवले.
कुंपणाआधी त्या कुठे झोपायच्या,
हा प्रश्न पाटीवर नव्हता.

हाक्याच्या दिवशी आम्ही दोनशे माणसं
एकच दोर धरून पठारभर पसरतो,
दोराला लाल-निळ्या चिंध्या.
समोर त्या, वाऱ्याने गवत पळवावं तशा.
कात्री फिरेपर्यंत थरथरतात
आणि सोडलं की मागे वळूनही बघत नाहीत.
मला ते आवडतं, त्यांचं न बघणं.

पूर्वी तीनशे यायच्या.
यंदा एकशे सत्तर.
बाकीच्या कुठे विचारलं तर सांगायचं,
डोंगरापलीकडे चरतात:
असं निकासियोने सभेत बजावलेलं.
खोटं नाही ते. चरतातच.

येसिकाला मी आधीच बाहेर पिटाळलं होतं.
माझी नात, सात वर्षांची,
शाळा सुटली की माझ्याशेजारी वेचायला बसते,
आणि पाटीवर मुलांसाठी वेगळा रकाना असतो म्हणे.
पण ती दारातच उभी, बोटांना केस चिकटलेले.
म्हणाली, त्या टकल्यांना मी नावं ठेवलीत.
एकीचं बटाटा.
एकीचं मावशी, ती सारखी अंग खाजवते म्हणून.
आजोबा त्यांना ट्रकचं जळकं तेल चोळतात.

निकासियोला उगाच खोकला आला.
चुलीवरचं पाणी आटत होतं, कुणी उठलं नाही.

टिल्मानचं बोट लालावर गेलं,
तिथे थोडा वेळ थांबलं.
लाल दाबला तर कंपनी दुसऱ्या डोंगरावर जाईल,
हे त्याला ठाऊक. मलाही.
त्याचाही पगार असेल असाच,
बारा मायक्रॉन जाडीचा.
त्याने पिवळा दाबला.

पिवळा म्हणजे काय रे बाळा?
म्हणजे पुढच्या वर्षी परत बघू, सेन्योरा एउसेबिया.
मी म्हटलं, गवतही हेच म्हणतं.
तो हसला. हसण्यासारखं नव्हतं.

तो गेला, त्याच्या गाडीची धूळ
संध्याकाळपर्यंत खाली बसली नाही.
मी लोकर पुढ्यात ओढली.
निरोगी मादीची, मानेजवळची,
ज्या भागाला तिकडे सर्वांत जास्त पैसे पडतात.
कुणाच्या तरी गळ्याला लागणारी.
बोटाला काहीतरी टोचलं.
खपली. किन्वाच्या दाण्याएवढी.

येसिका म्हणाली, बघू.
मी मूठ मिटली.
अजून मिटलेलीच आहे.